खाऱ्या पाण्याची चक्री

जावयाला काय पाहिजे हे कधी विचारू नये. आपल्याला झेपेल ते द्यावं, आग्रह करून दोन धोंडे जास्त वाढावेत आणि सुखरूप गाडीत बसवून द्यावं. सगळे सासरे असंच करतात आणि सुखानं झोपतात. पण अमरावतीच्या राजापेठेतल्या वामनराव खासबाग्यांना सगळं विचारून-सवरून, रीतसर करायची खोड होती, आणि खोडीला औषध नसतं.

साल एकसष्टचं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं ताट द्यायचं आणि वर एखादी ठसठशीत वस्तू द्यायची. चांदीचं निरांजन दिलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं. वामनराव पाणीपट्टीच्या कचेरीत हेडक्लार्क होते, भावाच्या मळ्यातली वांगी आणि शेवंती बाजारात जात होती, घरात खाऊन-पिऊन बरं होतं. पण निरांजन देऊन भागणार नव्हतं. त्याला कारण होतं.

कारण असं, की लेक भागीरथाचं लग्न ठरवताना वामनरावांच्या बायकोचं, दुर्गाबाईंचं म्हणणं होतं की पोरगी तिवशाला द्या. सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारच्या भाकरीला लेक भेटते. वामनरावांनी मात्र बार्शीटाकळीचं स्थळ धरलं. मुलगा सहदेव, बांधकाम खात्यात ओव्हरसियर, निर्व्यसनी, आणि बोलायला इतका कमी की बघायला आला तेव्हा फक्त "हो" आणि "पाणी" एवढंच बोलला. "बार्शीटाकळी काय विलायतेत आहे का?" असं वामनराव दुर्गाबाईंना चार माणसांत म्हणाले होते. मग साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, कचेऱ्यांची उलथापालथ झाली, आणि पोरीच्या अंगाची हळद उतरायच्या आत सहदेवची बदली रत्नागिरीला झाली. पार समुद्राच्या काठावर.

तेव्हापासून दुर्गाबाई रोज एकदा तरी म्हणायच्या, "तिवसा नको होतं ना तुमाले. मंग घ्या. समुद्रात ढकलली माही पोरगी."

पोरीची पत्रं यायची. "सर्व खुशाल आहे, काळजी नसावी." दुर्गाबाई पत्र दोनदा वाचून घ्यायच्या आणि विचारायच्या, "करमते का तिले तठी, ते लिवलं का?" ते कधीच लिहिलेलं नसायचं. वामनराव पत्र घडी करून ठेवायचे आणि टाळ घेऊन भजनाला निघून जायचे. भजनात मन लागत नसे. बापानं लेकीला "तुला करमते का" असं पत्रात लिहावं तरी कसं, आणि तिनं "नाही" असं कळवलं तर पुढं करावं काय, हे त्यांना सुचत नव्हतं. निदान हा धोंडा असा करायचा की जावई खूश झाला पाहिजे आणि त्यानं पोरीला जपलं पाहिजे, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. म्हणून त्यांनी व्याह्यांना निरोप धाडला की सहदेवला काय हवं ते विचारून सांगा.

व्याही देवराव स्वतःच आले. डोक्याला मुंडासं, हातात खरबुजाची पिशवी. पाणी प्यायले, घाम पुसला, आणि बराच वेळ खरबुजांच्या भावाबद्दल बोलत राहिले. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "इवाईबुवा, मी तुमाले जे सांगून रायलो ते माह्या मनचं नाही. पोट्ट्यानं कळवलं ते सांगतो."

"सांगा ना, बिनधास्त सांगा."

"म्हणते सोनं नाही पायजे. चांदी नाही पायजे. मासोळ्या धराची चक्री पायजे. काठीले लावतात थे. अन् खाऱ्या पाण्याचीच पायजे म्हणते, गोड्या पाण्याची चालत नाही."

दुर्गाबाई आतून पदराला हात पुसत आल्या होत्या, त्या तशाच भिंतीला टेकल्या. आता वामनरावांचं घर तीन पिढ्यांचं माळकरी. घरात अंड्याचं नाव काढायचं तर "पांढरं फळ" म्हणायचे, तेसुद्धा हळू आवाजात. त्यात अधिक महिना, या महिन्यात निम्मी गल्ली कांदासुद्धा सोडते. पण जावयाला विचारलं होतं, जावयानं सांगितलं होतं, आणि आता "तेवढं सोडून दुसरं सांगा" म्हणणं खासबाग्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

"देऊ," वामनराव म्हणाले. "चांगली पाहून देऊ."

देवरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच एसटी गाठली. जेवायलासुद्धा थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वामनराव राजापेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथं त्यांना विहिरीची कप्पी दाखवली. दुसऱ्या दुकानात पतंगाची चक्री दाखवली. तिसऱ्या दुकानदारानं त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कायले पायजे म्हटलं तुमाले?" वामनरावांनी एक पाव खिळे घेतले आणि परतले. घरात खिळे पुष्कळ होते.

अशा वेळी माणूस ज्यांच्याकडे जातो त्यांच्याकडेच ते गेले. शेजारचे भगवंतराव हे तहसिलीतून पेन्शनीत निघालेले. उभ्या गल्लीत मुंबई पाहिलेला हा एकच माणूस. तीन दिवस राहिले होते, पण त्यावर त्यांनी तेरा वर्षं काढली होती.

"अकोल्याले जा," भगवंतराव म्हणाले. "अठी काय मिळते? कापसाच्या कंपन्यांत गोरे साहेब होते ना, थे मोठे शौकीन. जातानी सामान अर्ध्या किमतीत फुकून गेले. टिळक रोडले बंदुकीच्या काडतुसाचं दुकान आहे, त्याच्याजवळ सापडन. पण एक ध्यानात ठेवा. खाऱ्या पाण्याची चक्री वेगळी अन् गोड्याची वेगळी. दुकानदार कोणतीही गळ्यात मारते."

"ओळखायची कशी?"

"ते तुमी पाहा," असं म्हणून भगवंतरावांनी पंखा हलवायला सुरुवात केली. सल्ला देणाऱ्यानं किती द्यावा यालाही मर्यादा असतेच.

रविवारी वामनराव बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरून निघाले. मे महिन्यातलं अकोलं. स्टेशनावर उतरल्याबरोबर उपरणं डोक्याला गुंडाळावं लागलं. दुकान सापडलं. दुकानाचे म्हातारे शेठजी गल्ल्यामागे वाळ्याच्या पडद्याआड बसले होते. चक्री म्हटल्याबरोबर त्यांनी वरच्या फळीवरून एक लाकडी पेटी उतरवली आणि वरची धूळ फुंकली. आत एक नाही, तीन चक्र्या. तिन्ही विलायती, तिन्ही वेगळ्या. एक काळसर, एक पितळी रंगाची, एक पांढुरकी. प्रत्येकीला एक वाकडं हँडल, एक तारेचा कान आणि पुढे फिरवायची चावी.

"यातली खाऱ्या पाण्याची कोणती, शेठजी?"

"साब, तिन्ही बढिया आहे."

"ते झालं. पण खाऱ्याची कोणती?"

शेठजींनी तिन्ही चक्र्या उलटसुलट पाहिल्या. "साहेब लोक सांगून नाही गेले," ते शेवटी प्रामाणिकपणे म्हणाले. "मासोळीलेच इचारा लागते."

दुसरा एखादा असता तर त्यानं डोळे मिटून एक उचलली असती. वामनरावांनी तिन्ही जांगडावर मागितल्या. म्हणजे घरी नेऊन पाहायच्या, पसंत पडेल ती ठेवायची, बाकीच्या जशाच्या तशा परत. लुगडी-दागिने आपण असेच आणतो, त्यात गैर काही नाही. शेठजींनी माळ पाहिली, पाणीपट्टीच्या कचेरीचं नाव ऐकलं, आणि विश्वासानं पेटी हवाली केली. बिचारे.

परत येताना अमरावती स्टेशनावर जकातनाका. वामनराव स्वतः सरकारी-निमसरकारी माणूस, त्यामुळं नाक्यावर आपल्याला कोणी अडवणार नाही अशी त्यांची समजूत. अडवलं. पेटी उघडायला लावली. नाक्यावरचा कारकून तरुण होता आणि कामाला चोख होता, आणि असा माणूस फार त्रास देतो.

"हे काय आहे?"

"चक्र्या."

"कायच्या?"

मागं आंब्यांच्या पाट्या घेऊन वीस माणसं उभी. त्यात भजनी मंडळातले दोघं. वामनरावांनी आवाज खाली नेला. "मासे धरायच्या."

"काय धराच्या?"

"मासे," वामनराव म्हणाले, आणि ते नेमकं सगळ्यांना ऐकू गेलं.

कारकुनानं दरपत्रक काढलं. त्यात ओले मासे होते, सुके मासे होते, माशांचं तेल होतं. मासे धरायचं काहीच नव्हतं. "मासोळ्या असत्या तं मी तुमाले एका मिनिटात सोडलं असतं," कारकून कळकळीनं म्हणाला. मग यंत्रसामग्री म्हणावं का, खेळणी म्हणावं का, यावर चर्चा झाली. चर्चेत आंबेवाल्यांनीही भाग घेतला. चालवून दाखवा म्हटलं म्हणून वामनरावांनी भर स्टेशनावर, टोपी सावरत, चक्री फिरवून दाखवली. शेवटी "रहाट, मोटेचे चाक व तत्सम" या सदराखाली तिची वर्णी लागली. भजनी मंडळातल्या दोघांनी वामनरावांना रामराम केला, पण तो जरा लांबून.

आता खरी परीक्षा. वामनरावांनी टांग्यातच युक्ती काढली होती. खाऱ्या पाण्याची चक्री कोणती, तर जी खाऱ्या पाण्यात टिकते ती. यात समजायला अवघड काय आहे? घरी आल्याबरोबर त्यांनी लोणच्यासाठी काढून ठेवलेल्या चिनी मातीच्या तीन बरण्या मागितल्या. दुर्गाबाईंनी बरण्या द्यायला साफ नकार दिला. नंतर "जावयासाठीच आहे ना" म्हणून दिल्या, पण त्या बरण्यांत पुन्हा लोणचं घालणार नाही असं बजावून.

प्रश्न आला तो मिठाचा. समुद्र किती खारट असतो? घरात कोणी समुद्र पाहिलेला नाही. गल्लीत पाहिलेला एकच. भगवंतरावांना सन्मानानं बोलावलं, पाटावर बसवलं, हातात पळी दिली. चौपाटीवर लाटेनं पाडलं तेव्हा समुद्र त्यांच्या तोंडात गेला होता, म्हणजे चव त्यांना ठाऊक होती. दुर्गाबाईंनी बादलीभर पाण्यात मीठ टाकलं. भगवंतरावांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, तेरा वर्षं मागं गेले आणि म्हणाले, "अजून."

पुन्हा मीठ. पुन्हा घोट. "वरणाच्या वर गेलं. पण समुद्र नाही झाला."

असं करता करता सहाव्या घोटाला भगवंतरावांचा चेहरा वाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "हा. हाच थो." त्यानंतर त्यांनी माठातलं निम्मं पाणी संपवलं आणि रात्रभर जागून आणखी एक माठ संपवला. त्यांच्या घरून या बाबतीत पुढं बरंच बोलणं आलं.

चक्र्या तीन दिवस समुद्रात राहिल्या. गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्यासारख्या येऊन बरण्यांत डोकावून जात. चौथ्या दिवशी वामनरावांनी त्या बाहेर काढल्या. काळी चक्री तांबूस गंजली होती, हँडल फिरेना. पितळी हिरवीगार झाली होती. पांढुरकी मात्र जशी गेली तशी आली होती, फडक्यानं पुसल्याबरोबर लखलखायला लागली.

"सापडली," वामनराव म्हणाले. वर्षभरात इतकं समाधान त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. उरलेल्या दोन चक्र्या ते पुढच्या रविवारी अकोल्याला जशाच्या तशा परत द्यायला घेऊन गेले.

शेठजींनी पेटी उघडली. बराच वेळ आत पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. "साब," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जांगड म्हणजे मी पाहाले देल्लं होतं. लोणचं घालाले नव्हतं देल्लं."

माणूस ओरडला असता तर वामनरावांना भांडता आलं असतं. तो ओरडलाच नाही. वामनरावांनी तिन्ही चक्र्या विकत घेतल्या, स्टेशनवर आले, आणि गाडीत खिडकीशी बसून बडनेऱ्यापर्यंत बाहेर पाहत राहिले. त्यांचा इतका अपमान आयुष्यात कोणी केला नव्हता, आणि यात केला कोणी म्हणावं तर तेही सांगता येत नव्हतं. पण जावयाची चक्री तर मिळाली होती. जिद्दीला पेटलेला माणूस अशा वेळी पुढचंच पाहतो.

पुढं पाहिलं हेच चुकलं. नुसती टिकून काय उपयोग, ओढायची ताकद किती आहे तेही पाहावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चक्री भगवंतरावांच्या काठीला सुतळीनं बांधली, तिच्यावर गुंडाळलेल्या दोऱ्याला पितळी तांब्या बांधला, तांब्या विहिरीत सोडला, भरला आणि चक्री फिरवली. चक्रीचं हँडल फिरत राहिलं आणि दोरा मात्र किर्र-किर्र करत उलटा सुटायला लागला. तांब्या वर यायचा सोडून खाली चालला होता.

भगवंतरावांनी मान हलवली. "खराब निंगाली."

"ओढ लागली की सोडते हो ही," वामनराव हादरून म्हणाले. तुम्हीच सांगा, विहिरीचा रहाट भरल्या बादलीला सुटला तर त्याला कोणी चांगला म्हणेल का? बैलाची वेसण ऐन ओढीला सैल पडली तर? आमच्याकडं वस्तू पाहायची ती घट्ट धरते का नाही, एवढ्यावरच पाहतात. उद्या रत्नागिरीत जावयाच्या गळाला मोठा मासा लागायचा, चक्री सुटायची, आणि जावई म्हणायचा, सासऱ्यानं फसवलं. मग हा राग तो कोणावर काढणार?

जिनिंग फॅक्टरीतले फिटर रामराव म्हणजे कापसाच्या गठाणी दाबायच्या प्रेसचे डॉक्टर. त्यांनी चक्री उघडली, आतल्या चकत्या पाहिल्या, आणि रोग ताबडतोब ओळखला. "यात ढिलाई आहे." त्यांनी पट्ट्याच्या चामड्याचा एक तुकडा कापून आत ठोकला, वरून चावी अशी आवळली की ती पुन्हा हातानं फिरू नये, आणि आडवी एक पिन मारली. मग दोरा ओढून पाहिला. चक्री जागची हलेना.

"घ्या," रामराव म्हणाले. "आता मासोळी कायची, रेडा लावा."

धोंड्याच्या दिवशी सकाळी सहदेव आणि भागीरथा आले. भागीरथाच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक लांब काठी होती. ती चक्री लावायची काठी, जावयानं सोबत आणलेली. दुर्गाबाईंनी लेकीला दारातच भाकरतुकडा ओवाळला, गाल चाचपले, दंड चाचपले. पोरगी काळी पडली होती. "पाहा," दुर्गाबाई वामनरावांना स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "पाहा काय झालं माह्या लेकराचं." वामनरावांनी पाहिलं होतं.

जेवणं झाली. जावयाला पाटावर बसवून अनारशांचं ताट दिलं, वर खणानं झाकलेली चक्री दिली. सहदेवनं खण बाजूला केला. चक्री हातात घेतली, तिचं बूड पाहिलं, तारेचा कान पाहिला. इकडं सगळी गल्ली श्वास रोखून दाराखिडक्यांत उभी.

"मामाजी," सहदेव म्हणाला, "ही तं विलायती आहे." वर्षभरातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. वामनरावांची छाती फुगली. भगवंतरावांनी बाहेरून, "आमी सांगतलं होतं अकोल्याले," असं सांगून टाकलं.

"चालवून पाहू या," जावई म्हणाला. ऊन उतरल्यावर सगळे वडाळीच्या तलावावर निघाले. सगळे म्हणजे घरचे चार, भगवंतराव, आणि वाटेत भेटतील तसे पंधरावीस लोक. गळाला लावायला काय, म्हणून दुर्गाबाईंकडून डब्यात थोडं धोंड्याचं पुरण घेतलं होतं. त्यांनी ते तोंड फिरवून दिलं.

उन्हाळ्यामुळं तलाव आटला होता, पण मधे पाणी होतं. सहदेवनं काठीला चक्री बसवली, दोरा ओवला, गळ बांधला, पुरणाची गोळी लावली. लोक मागं सरले. आणि मग त्यानं ती काठी उचलून भागीरथाच्या हातात दिली.

"तूच पाह्य," तो म्हणाला. "काठी तुह्याच हाताची आहे."

वामनरावांना वाटलं पोरगी काठी धरून उभी राहील आणि जावई बूट काढेल. तिनं पदर खोचला. दोन पावलं पुढं झाली, काठी खांद्यावरून मागं नेली आणि अशी फेकली, की गोळी पार मधल्या पाण्यात जाऊन टपकन पडली. लोकांत कुजबुज झाली. दुर्गाबाईंनी वामनरावांचा दंड धरला.

"मासोळ्या ही धरते?" दुर्गाबाईंनी जावयाला विचारलं.

"मले कुठी जमते," सहदेव म्हणाला. "रोज सांजच्याले खडकावर जाते. कोळणींनी शिकवलं तिले. आता थ्याच तिले पाहाले येतात. चक्री तिच्याचसाठी मागतली, पण तुमाले कसं सांगाव."

एवढ्यात काठी वाकली. मोठं काहीतरी लागलं होतं. भागीरथानं पाय रोवले. मासा जोरात पळाला, काठी आणखी वाकली, दोरा ताठ झाला आणि ताडकन तुटला. भागीरथा मागच्या मागं बसली. लोक हळहळले.

तिनं चक्री उलटी करून पाहिली. केसांतला आकडा काढला, पिन उपसली, चावी उघडली आणि आतून चामड्याचा तुकडा बोटांत धरून वर केला. "बाबा, हे कोणं घातलं?"

"मी," वामनराव म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. "सुटत होती ती. ओढ लागली की सोडत होती. म्हणून दुरुस्त करून आणली."

सहदेवला ठसका लागला, तो पाठ फिरवून तलावाकडं पाहायला लागला. भगवंतराव हळूच गर्दीच्या मागं गेले. भागीरथा मात्र हसली नाही. "तिले सुटाच लागते, बाबा," ती समजावून म्हणाली, जसं लहान लेकराला समजावतात. "मासोळी पळते तवा तिले दोरा द्या लागते. पळू द्याची. थकली की हळूहळू घ्याची. धरून ठेवलं तं तुटते." मग तिनं तो तुकडा बाजूला टाकला, चावी अंदाजानं फिरवली, दोरा ओढून पाहिला आणि म्हणाली, "चक्री मात्र चांगली पाहिली तुमी. समुद्रात टिकन ही."

दुसऱ्यांदा फेकली. पुन्हा लागलं. या वेळी चक्री किर्र-किर्र करत दोरा सोडत होती, आणि दर किर्र गणिक वामनरावांचा जीव वरखाली होत होता, पण पोरगी शांत होती. सोडत होती, घेत होती, पुन्हा सोडत होती. ऊन तोंडावर आलेलं, ओठ दातांत धरलेले, पाय पाण्यात. शेवटी चांगला हातभर मासा काठावर आला. गर्दी ओरडायला लागली. तिनं गळ सोडवला, मासा दोन्ही हातांनी उचलला, माय-बापाकडं पाहिलं आणि परत पाण्यात सोडून दिला.

"अधिक महिना आहे ना," ती म्हणाली.

लोक पांगायला लागले. दुर्गाबाई जावयाला विचारत होत्या की खडकावर जाताना पायात काही घालते का, लाटा किती जवळ येतात, आणि सहदेव एकेका शब्दात उत्तरं देत होता. वामनराव धोतर आवरून लेकीजवळ पाण्याच्या कडेला गेले. ती दोरा गुंडाळत होती. हीच वेळ आहे, आत्ता नाही विचारलं तर पुन्हा होणार नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी मन घट्ट केलं.

"भागे," ते म्हणाले, "तुले करमते का वं तठी?"

तिचा हात थांबला. ती खाली मान घालून, ऐकू येईल न येईल अशी म्हणाली, "आता अठीच करमत नाही, बाबा."

वर्षभर जे ऐकायला जीव टाकला होता ते हेच होतं, आणि तरी ते कुठंतरी आत लागलं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या हातातली काठी घेतली आणि काठ चढून वर आले.

"काय म्हणे?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"मजेत आहे म्हणते," वामनराव म्हणाले आणि काठी खांद्यावर टाकून, गर्दीतून, टोपी न सावरता, पुढं चालायला लागले.